नैरोबीहून बाबांना

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

‘तिकडच्या च्यानेलवर खरं काही दाखवतात का?’ असं तुम्ही विचारलंत. फोनवर आई मध्येच जेवणाचं काढते, म्हणून सविस्तर लिहितेय.

इथला, म्हणजे केनियातला, टीव्ही दिसायला चकाचक. सातला स्वाहिलीत बातम्या, नऊला इंग्रजीत. आपल्यासारखी चौकटी-चौकटींतली आरडाओरड नाही. सकाळच्या रेडिओचं मात्र विचारू नका. मटाटूत (इथल्या खासगी मिनीबसला मटाटू म्हणतात) बसलं की परक्यांच्या नवरा-बायकोची उणीदुणी ऐकतच ऑफिस गाठायचं.

पण पत्रकार? एकेक जण वाघ आहे. आमच्या जवळच्याच वेस्टगेट मॉलवर सप्टेंबर 2013 मध्ये दहशतवादी हल्ला झाला, 67 माणसं गेली, त्यात भारतीयही होते. पुढच्याच महिन्यात केटीएन या खासगी वाहिनीच्या जॉन-ॲलन नामू आणि मोहम्मद अली यांनी मॉलच्या आतलं सीसीटीव्ही चित्रण लोकांसमोर ठेवलं. वाचवायला गेलेले सैनिक सुपरमार्केटच्या पिशव्या घेऊन निघालेले दिसत होते! लष्कराचं म्हणणं, पिशव्यांत पाणी होतं. पोलीसप्रमुखांनी उलट पत्रकारांनाच अटकेची धमकी दिली.

पुढे अली 2017 मध्ये खासदार झाले, आणि 2022 ला चक्क त्या निवडणुकीत सत्तेवर आलेल्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आले. असो. नामूंनी 2015 मध्ये केटीएन सोडून सहकाऱ्यांबरोबर ‘आफ्रिका अनसेन्सर्ड’ ही स्वतःची संस्था काढली. 2018 मध्ये त्यांनी दक्षिण सुदानच्या युद्धातला पैसा नैरोबीत कसा मुरतो यावर मालिका केली, तर केटीएनने ती पूर्ण दाखवलीच नाही. मग ती यूट्यूबवर आली.

दुखणं नेमकं इथे आहे. केटीएन ज्या समूहाचं, त्याच्याशी मोई घराण्याचे संबंध; के24 या वाहिनीचे केन्याटा घराण्याशी. दोन्ही माजी राष्ट्राध्यक्षांची घराणी! त्यात जाहिरातींचा मोठा गिऱ्हाईक म्हणजे सरकार. मार्च 2024 मध्ये सगळ्या सरकारी जाहिराती फक्त सरकारी केबीसीला द्यायचा फतवा निघाला. पगार कुठून द्यायचे या चिंतेतला मालक कुणाच्या वाटेला जाईल? मला तर वाटतं, थेट बंदीपेक्षा हे वाईट. बंदी निदान दिसते तरी.

आणि ती अधूनमधून येतेच. 2018 च्या जानेवारीत विरोधी नेते रायला ओडिंगांनी स्वतःच राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा सिटिझन, एनटीव्ही, केटीएन या वाहिन्या एका फटक्यात बंद. 2025 च्या 25 जूनलाही तेच. आदल्या वर्षी त्याच दिवशी करवाढीविरुद्धची पोरं संसदेत घुसली होती नि गोळीबार झाला होता; त्याच्या वर्षपूर्तीचे मोर्चे चालू असताना थेट प्रक्षेपण थांबवायचा हुकूम सुटला, वाहिन्यांचे सिग्नल तोडले. इथलं हायकोर्ट मात्र जागं आहे, त्याने हुकमाला लगेच स्थगिती दिली.

2024 च्या त्या गोळ्या कुणी झाडल्या, हे शोधलं बीबीसीच्या आफ्रिका आय या चमूने. लोकांनी मोबाइलवर टिपलेली 5,000 हून जास्त चित्रं नि व्हिडिओ जुळवून त्यांनी गोळीबार करणारे वर्दीवाले हुडकले. नैरोबीत त्या माहितीपटाचा खासगी खेळ ठेवला होता, तो सरकारी दबावामुळे रद्द झाला. ‘ब्लड पार्लमेंट’ नाव आहे. दादाला सांगा, टीव्हीवर लावून देईल. फक्त आई झोपल्यावर बघा, नाहीतर मला उद्याच्या विमानाने परत बोलावेल.

पुढच्या रविवारी फोन करते.

तुमची लेक