औषधी गांजा: कोणत्या आजारांसाठी, ते आधी ठरवा

संपादक महोदय,

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला लेनॉक्स-गॅस्टॉ सिंड्रोम आहे. अपस्माराचा हा प्रकार औषधांना सहसा दाद देत नाही. गेल्या महिन्यात एका विक्रेत्याने आम्हाला फोनवरून 'विजया' तेल, म्हणजे भांगेच्या (गांजाच्याच झाडाच्या) पानांचा अर्क, विकत घ्यायला लावलं. झोप, सांधेदुखी, मधुमेह, कर्करोग, फिट्स, सगळ्यांवर तीच बाटली! मुलीला कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे त्याने एकदाही विचारलं नाही.

तिला क्लोबाझाम आणि व्हॅल्प्रोएट चालू आहे. गांजातलं कॅनाबिडिऑल क्लोबाझामचा शरीरातला प्रभाव वाढवतं, मूल गुंगीत जातं. व्हॅल्प्रोएटबरोबर घेतलं तर यकृतावर ताण येऊ शकतो, वारंवार रक्त तपासावं लागतं. हे आम्हाला मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेल्यावर कळलं.

या झाडात औषध नाही, असं मी अजिबात म्हणत नाही. कोलकात्यात डॉ. ओशॉनेसी यांनी १८३९ च्या सुमारास तान्ह्या बाळाच्या आकडीवर ते वापरून पाहिलं होतं. शुद्ध कॅनाबिडिऑलला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली, ती रीतसर चाचण्यांनंतर आणि सुरुवातीला फक्त लेनॉक्स-गॅस्टॉ व ड्राव्हे या अपस्माराच्या दोन प्रकारांसाठी. केमोथेरपीतल्या उलट्या, मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातला स्नायूंचा ताठरपणा यांवरही गांजातल्या घटकांची औषधं आहेत. याउलट कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९६ मध्ये मंजूर केलेल्या औषधी गांजाच्या कायद्यात काचबिंदूचंही नाव आहे. डोळ्यातला दाब गांजाने जेमतेम तीन-चार तास उतरतो, म्हणून नेत्रतज्ज्ञ ते सुचवत नाहीत. आजारांची यादी मतदानाने ठरू नये, ती पुराव्याने ठरावी.

आपल्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात वैद्यकीय वापराला वाव आहे, नुसती पानं तर गांजाच्या व्याख्येतच येत नाहीत. पण या कायद्याच्या धाकाने मॉर्फिनसुद्धा दुर्मिळ झालं आणि कर्करोगाचे रुग्ण वेदनेत तळमळत राहिले. २०१४ मध्ये दुरुस्ती करावी लागली. इथेही तेवढीच वर्षं घालवायची का?

कोणत्या आजाराला, कोणत्या वयात, किती मात्रा, हे सरकारने तज्ज्ञांकडून ठरवून जाहीर करावं. चिठ्ठी त्या आजाराच्या तज्ज्ञाचीच हवी. दर मिलिलिटरमध्ये कॅनाबिडिऑल किती, नशा आणणारं टीएचसी किती, हे बाटलीवर छापणं सक्तीचं करावं. आमच्या डॉक्टरांनी ती बाटली उलटसुलट करून पाहिली, तिच्यावर यातला एकही आकडा नव्हता. अजून ती सीलबंदच आहे.

— एक आई, सांगली