'सभासदांनी समाधान व्यक्त केले'

संपादक महोदय,

पुनर्विकासातल्या रहिवाशांच्या सहभागावरचा कालचा लेख वाचला. लेखकाचं अभिनंदन. एवढा सहभाग वाचून वाटलं, आमच्याही इमारतीत तो झाला असेल, मीच नेमकी त्या दिवशी घरी नसेन.

पण मी होते. आमची इमारत १९७४ ची, बिऱ्हाडं २८, लिफ्ट नाही. पुनर्विकासासाठी बिल्डर निवडायची, सहकार कायद्याच्या कलम '७९ अ'ची सभा मागच्या श्रावणात झाली. गणसंख्येला १९ जण लागत होते, २२ आले. (बटाटेवडे कोणाकडून आले ते विचारू नका. आमच्या कमिटीने आजवर कधी कोरा चहा पाजलेला नाही.) बिल्डरच्या चिरंजीवांनी पडद्यावर चित्रं दाखवली. गच्चीत पोहण्याचा तलाव, काठाला छत्री, छत्रीखाली गोरी बाई. आमच्याकडे नळाला पाऊण तास पाणी येतं.

मी उभी राहिले आणि दोनच प्रश्न विचारले. सरकारी परिपत्रकात बिल्डरने प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी द्यायला सांगितली आहे, ती कधी देणार? आणि छत्तीस महिन्यांत ताबा मिळाला नाही, तर आमच्या तात्पुरत्या घराचं सदतिसाव्या महिन्याचं भाडं कोण भरणार? चिरंजीव म्हणाले, "ते सगळं ॲग्रीमेंटमध्ये येईल, काकू." सेक्रेटरी म्हणाले, "शुभकार्यात शंका कशाला काढता?" मागून कोणीतरी हसलं. संध्याकाळपर्यंत संमतीच्या १७ सह्या झाल्या. लागत होत्या १५.

मग इतिवृत्त आलं. त्यात माझा प्रश्न नाही, उत्तर नाही, नावही नाही. 'सर्व शंकांचे निरसन होऊन सभासदांनी समाधान व्यक्त केले.' आता, या सभेचं चित्रीकरण करावं लागतं, हे मला ठाऊक होतं. लेखी अर्ज करून ते मागितलं. तीन आठवड्यांनी पेनड्राइव्ह मिळाला. स्वागत आहे, नारळ आहे, तलाव आहे. मी खुर्चीवरून उठताना दिसते आणि पुढच्या क्षणी सगळे वडे खाताहेत. मधल्या वेळात म्हणे बॅटरी संपली होती. बॅटरीलाही सभासदत्व द्यायला हरकत नाही, समज चांगली आहे तिला.

मी पुनर्विकासाच्या विरोधात नाही. जिन्याचं प्लास्टर माझ्याही डोक्यावर पडलं आहे. २००९ मध्ये तीन चतुर्थांश संमती लागायची, २०१९ मध्ये ती ५१ टक्क्यांवर आणली. दोघा-तिघांच्या हट्टापायी बाकीच्यांनी पडक्या घरात का राहायचं, हेही पटतं. पण भाड्याचं विचारलं की माणूस लगेच 'विरोधक' होतो, त्याचं काय करायचं? गोरेगावच्या पत्राचाळीत ६७२ कुटुंबं होती, पुनर्विकासाचा करार २००८ चा. बिल्डरने द्यायचं भाडं मध्येच बंद पडलं. पुढचं आपणच वर्षानुवर्षं छापलं आहे. तिथेही पहिल्या सभेत कोणी काकू उभी राहिली असेलच की.

आणि लोकांना कळत नाही, असं तर मुळीच म्हणू नका. २०१५ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्यावर हजारो हरकती गेल्या आणि एप्रिलमध्ये तो मसुदा गुंडाळावा लागला. त्यात एक हरकत माझी होती, पोच अजून कपाटात आहे. ती दिली तेव्हा निदान कागदावर शिक्का तरी मारला होता.

जाता जाता आपल्याबद्दलही. विकास आराखड्यातल्या फेरबदलांच्या, नगररचना कायद्याच्या कलम ३७ खालच्या जाहीर सूचना आपल्याच अंकात येतात. महिन्याभरात हरकती पाठवा म्हणतात. टाइप मोहरीएवढा. परवा नातवाकडून मोबाइलमध्ये फोटो काढून, मोठा करून वाचून घेतली एक. त्याच पानावर टॉवरची रंगीत जाहिरात होती, ती मात्र चष्म्याशिवाय गॅलरीतून वाचता आली. सहभागावर आणखी एक लेख छापण्याआधी त्या सूचनांचा टाइप दोन पॉइंट वाढवता आला तर बघा.

माझं नाव छापू नये. मे महिन्यात टँकर सगळ्यांनी मिळूनच मागवावा लागतो.

आपली,
एक सभासद, मुलुंड (पूर्व)