दोघांपुरतं रांधताना

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा फोनवर आई म्हणाली, "दोघांसाठी काय रांधायचं, रात्री चहा-टोस्टवर भागवतो." तेव्हापासून ते मनातून जात नाही. फोनवर सांगायला गेलं की बाबा "बरं बरं" करून पिकापाण्यावर येतात, म्हणून लिहूनच पाठवते.

आधी दळण. पायलीभर ज्वारी एकदम दळणं आता बंद करा. घर भरलेलं होतं तेव्हा ते पीठ आठवड्यात संपायचं. आता महिनाभर डब्यात पडून राहतं, विरी जाते, भाकरीच्या कडा फाटतात आणि आई म्हणते, हातच राहिले नाहीत. हाताला काही झालेलं नाही. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं. भाकर धरून ठेवायची तर ताजं पीठ आणि उकळतं पाणी हवं. परातीत पिठावर उकळतं पाणी ओतून उलथन्यानं कालवायचं, झाकून ठेवायचं आणि हाताला सोसेल इतकं निवलं की चांगलं रगडायचं. दोन किलोच दळून आणा. चक्कीवाला कुरकुरला तर कुरकुरू द्या.

तुरीच्या शेंगा आता भरल्या असतील. बाबा, सोलायचं काम तुमचं; पेपर वाचता वाचता होतं. जास्तीचे सोले उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून लगेच थंड पाण्यात काढायचे. निथळून, फडक्यावर कोरडे करून एका वेळच्या पुड्या बांधायच्या आणि फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायच्या. उकळत्या पाण्यातून काढल्यानं रंग आणि चव टिकते, नाहीतर पुढे वाळल्या गवतासारखे लागतात. मग रात्री एक पुडी, मूठ-दोन मूठ तांदूळ, लसूण-मिरची-सांबाराचं (कोथिंबिरीचं) वाटण, की कुकरात सोलेभात तयार. टोस्टपेक्षा मेहनत जास्त आहे खरी, पण फार नाही.

तुरीची डाळ अर्धा तास भिजवून लावा, लवकर शिजते. एकदाच घट्ट वरण करायचं. निम्मं त्या दिवशी, निम्मं फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी अंबाडीच्या भाजीत. अंबाडी, चिंच, टमाटर मात्र डाळ शिजल्यावरच घालायचं. आधी घातलं तर आंबटपणानं डाळ टचटचीत राहते, आणि बाबांच्या दातांना ती आता नको.

आई, जवसाची चटणी थोडी थोडी कर. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाज, निवू दे, मग कूट. अख्खा जवस बहुतेक न पचताच बाहेर पडतो, म्हणून कुटायचाच. पण कुटलेल्याला खवट वास लवकर येतो, तेव्हा छोटी बरणी आणि घट्ट झाकण.

आता बाबांचं बीपी. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, चटणी सगळं आलं. लोणच्याची बरणी ताटाजवळ आणूच नका. लिंबू पिळा, लसूण वाढवा, मीठ कमी पडलेलं कळत नाही. आईनं पालेभाजीवर लिंबू घ्यायचंच. भाजीतलं लोह त्यानं चांगलं शोषलं जातं. जेवणाबरोबरचा चहा उलटं करतो, तो तासाभरानं घ्या. हे बाबांना पटणार नाही, माहीत आहे.

हळद समुद्रपूर तालुक्यातली वायगावचीच आणा. 2016 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपण आधीपासून तीच खातो. फोडणीत तेलातच टाका, रंग तेलातच खुलतो. तेल धुरावू देऊ नका, हळद जळून कडू होते. मलाही अर्धा किलो घेऊन ठेवा, आणि थोडा जवस. संक्रांतीला येते तेव्हा नेईन. येताना छोटा कुकर आणते, मोठा माळ्यावर टाकून द्या.

तुमची,
माई