गुडघ्याखालचा टॉवेल

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू तीनदा म्हणालीस, "पडून राहा गं, उगाच हालचाल करू नकोस." मी तीनदा "हो" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. कारण मी पडून नाहीये, आई. रोज जवळजवळ दोन तास व्यायाम चालू आहे. तुझ्याशी खोटं बोलणं जमत नाही, आणि फोनवर घाईत सांगितलं तर तू रात्रभर जागी राहशील. म्हणून सगळं सविस्तर लिहिते. बाबांनाही वाचून दाखव.

डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आज दहा आठवडे झाले. पहिले काही दिवस मी खरोखरच पडून होते. डाव्या पायाखाली उशा, गुडघा सुजून टम्म. तिसऱ्या दिवशी फिजिओने एक छोटा टॉवेल गुंडाळून गुडघ्याखाली ठेवला आणि म्हणाली, "गुडघ्याने हा टॉवेल खाली दाब आणि मांडी आवळ." एवढंच. मी सगळा जीव एकवटला, पण मांडी हललीच नाही. उजव्या पायाला तेच सांगितलं तर गुडघ्याची वाटी झटकन वर सरकत होती. डावी मांडी मात्र दुसऱ्या कुणाची असावी तशी निपचित. त्या दिवशी मी खूप रडले. तुला सांगितलं नव्हतं.

मग तिने समजावून सांगितलं. सांध्यात सूज असली की तिथून मज्जारज्जूकडे निरोप जातात आणि मांडीच्या स्नायूचं काम दाबून टाकलं जातं. स्नायू शाबूत असतो, पण त्याला हुकूम पोचत नाही. शरीर आपल्या परीने सांधा जपत असतं. म्हणून सूज उतरवायची आणि मांडीला जागं करत राहायचं. दहा वेळा दाबायचं, दर वेळी पाच सेकंद, असं दिवसातून कितीतरी वेळा. सहाव्या दिवशी दुपारी वाटी नखभर वर सरकली. मी पुन्हा करून पाहिलं, पुन्हा सरकली. तुला लगेच फोन करावासा वाटला, पण तिकडे मध्यरात्र झाली होती.

तुझा "पडून राहा" मला का मानवत नाही, त्याचं कारण सांगते. 1966 मध्ये अमेरिकेतल्या डॅलसमध्ये डॉक्टरांनी विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. उठले तेव्हा व्यायामात ऑक्सिजन वापरण्याची त्यांची ताकद पावहून जास्त घटली होती. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षं वय वाढून जेवढा दम कमी झाला होता, त्याहून जास्त तो त्या तीन आठवड्यांत गेला होता! हे वाचल्यापासून नुसतं पडून राहण्याची मला धास्तीच बसली आहे.

तेव्हा विश्रांती आहे, पण ती गुडघ्याला. उडी नाही, गिरकी नाही, पळणं नाही. बाकीच्या शरीराला सुट्टी नाही. सुरुवातीला खुर्चीत बसून हातांनी फिरवायच्या सायकलवर घाम गाळला. जखम पूर्ण भरल्यावर पाण्यात उतरले. मांड्यांमध्ये फोमचा तुकडा धरायचा, पाय सैल सोडायचे आणि फक्त हातांनी पोहायचं. गुडघा पुरेसा वाकायला लागला तशी जागच्या जागी चालवायची सायकल सुरू झाली.

उजव्या पायाचा व्यायाम तर मी पहिल्यापासून मनापासून करते, आणि त्यातली गंमत मला फार आवडली. एका बाजूला मेहनत दिली की दुसऱ्या बाजूलाही थोडी ताकद येते. येल विद्यापीठात हे 1894 मध्येच दिसलं होतं. एका हाताने सराव केला आणि न वापरलेला हातही बळकट झाला. कारण ताकद म्हणजे नुसतं मांस नव्हे, मेंदूकडून येणारे हुकूमही त्यात असतात. म्हणजे चांगल्या पायाने वजन ढकलते तेव्हा डाव्यालाही त्यातलं थोडं पोचतं.

रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटं डोळे मिटून मी मनाने बॅडमिंटनच्या कोर्टवर असते. बॅकहँडच्या कोपऱ्याकडे पावलं, उडी, आणि गुडघा वाकवून अलगद उतरणं. हे मनाचं समाधान म्हणून करत नाही. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाच्या संशोधकांनी काही लोकांचं मनगट चार आठवडे प्लास्टरमध्ये ठेवलं होतं. त्यातल्या निम्म्या लोकांनी मनातल्या मनात मनगट जोर लावून आवळण्याचा सराव केला. 2014 मध्ये निष्कर्ष आले. नुसतं बसून राहिलेल्यांची ताकद 45 टक्क्यांच्या आसपास गेली, मनात सराव करणाऱ्यांची 24 टक्क्यांच्या आसपास.

खाण्याचंही सांगते, कारण तू विचारणारच. हालचाल कमी म्हणून वजन वाढेल या भीतीने मी पहिल्या आठवड्यात जेवण निम्म्यावर आणलं होतं. फिजिओ रागावली. जखम भरायला शरीराला इंधन आणि भरपूर प्रथिनं लागतात, उपाशी शरीर स्नायूही खातं. तेव्हापासून पोटभर जेवते.

खरं कठीण गेलं ते मन सांभाळणं. तिसऱ्या आठवड्यात आमच्या क्लबची स्पर्धा होती. ग्रुपवर फोटो येत राहिले आणि मी फोन उपडा करून ठेवला. दोन दिवस कुणाशी बोलले नाही. सगळे पुढे जातायत आणि आपण रस्त्याच्या कडेला उभे आहोत, असं वाटत होतं. मग एका मैत्रिणीने जवळजवळ ओढूनच हॉलवर नेलं आणि गुण लिहायला बसवलं. खुर्चीत बसून मी पहिल्यांदाच लोकांचे नुसते पाय पाहिले. कोण उतरताना टाच आधी टेकवतं, कोणाचा गुडघा आत झुकतो. माझा पाय कसा गेला असेल ते मला तिथे कळलं. आता दर शनिवारी जाते.

आणि एक वही केली आहे. रोज संध्याकाळी गुडघा किती अंश वाकला ते लिहायचं. आठवड्यातून एकदा वाटीच्या दहा सेंटीमीटर वर फीत लावून दोन्ही मांड्यांचा घेर मोजायचा. सुरुवातीला डावी मांडी तीन सेंटीमीटरने बारीक होती, आता दीड. आकडे आठ-आठ दिवस हलत नाहीत तेव्हा फार जड जातं. अशा वेळी मी मागची पानं उलटते आणि टॉवेलच्या दिवसापर्यंत जाते. नीरज चोप्राचीही आठवण येते. 2019 च्या मे महिन्यात त्याच्या कोपराचं ऑपरेशन झालं. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. आठ महिन्यांनी, जानेवारी 2020 मध्ये तो परतला, 87.86 मीटर फेक केली आणि ऑलिम्पिकची पात्रता मिळवली. सुवर्णपदकाचा क्षण सगळ्यांनी पाहिला. मला मात्र मधले आठ महिने दिसतात, ज्यांचं कुठेच चित्रण नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे तू माझी पाठराखण कर. गुडघा आता दुखत नाही. पायऱ्या कठडा न धरता उतरते. गेल्या रविवारी मला इतकं बरं वाटलं की रॅकेट घेऊन हॉलवर गेले, दोन शटल मारून बघू म्हणून. फिजिओला आधी मेसेज केला हे बरं झालं. तिचा लगेच फोन आला. ऑपरेशनमध्ये गुडघ्यात बसवलेली कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, माझ्याच मांडीच्या मागून काढलेली आहे. तिथून काढली की तिचा रक्तपुरवठा तुटतो. नव्या जागी तिच्यातल्या जुन्या पेशी मरतात, हळूहळू नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी आत शिरतात. हा बदल चालू असताना, साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, ती बसवली त्या दिवसापेक्षाही नाजूक असते. म्हणजे वेदना गेलेली असते आणि धोका सगळ्यात जास्त असतो. मी रॅकेट पिशवीतून काढलीच नाही.

2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं, तितकं दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने कमी होत गेलं. म्हणून मी नऊ महिने धरून चालले आहे. नुसते महिने भरून चालणार नाही. डाव्या पायाची ताकद उजव्याच्या निदान 90 टक्के व्हायला हवी, एका पायावरच्या उड्यांच्या चाचण्याही पार पडायला हव्यात.

मी अतिरेक करेन अशी भीती वाटत असेल, तर माझी सकाळची तपासणी सांगते. उठल्याबरोबर वाटीच्या आतल्या बाजूने तळहात वर फिरवते, मग बाहेरच्या बाजूने खाली. आतल्या खळग्यात पाणी परत सरकताना दिसलं, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजायचं आणि त्या दिवशी हात आखडता घ्यायचा. आतापर्यंत दोनदा घेतला आहे.

बाबांनी मात्र हे वाचून स्वतःच्या गुडघ्यावर काही सुरू करू नये. त्यांचं दुखणं वेगळं आहे, आधी डॉक्टरांना दाखवा. खरंच दाखवा, "बघू" म्हणून टाळू नका.

आणि एक मागणं आहे. रविवारी फोन करशील तेव्हा "पडून आहेस ना?" असं विचारू नकोस. "आज किती वाकला?" असं विचार. आजचा आकडा 128 आहे, उजवा 140 वाकतो. रविवारी मी वही जवळ घेऊन बसते.

तुझी,
धाकटी