कथेमागची टीप कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी अंकांच्या जुळवाजुळवीचे दिवस जवळ आले, म्हणून आत्ताच लिहितो. गेल्या वर्षी एका अंकात 'स्टार वॉर्स' या अंतराळपटांच्या विश्वात घडणारी अनुवादित कथा वाचली. मूळ कथा माझ्याकडे आहे, बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालेली. तिच्यात कैद्याच्या कोठडीचा क्रमांक ११३८ आहे आणि शेवटी लेखकाची पानभर टीप आहे. अनुवादात नुसतीच 'अंधारी कोठडी' उरली. क्रमांक गेला, टीपही गेली. जागेची अडचण मी समजू शकतो, पण गेले ते किरकोळ नव्हते.

११३८ हा आकडा जॉर्ज लुकास यांच्या पहिल्या, १९७१ सालच्या चित्रपटाच्या नावातला. १९७७च्या 'स्टार वॉर्स'मध्ये त्यांनी तो तुरुंगाच्या एका विभागाला दिला. तेव्हापासून त्या विश्वात लिहिणारे हा आकडा कुठे ना कुठे पेरत आले आहेत. ही त्या घराण्याची खूण आहे. ती पुसली की कथा कोणत्या घरातली, हेच कळेनासे होते. त्याच चित्रपटात गुत्त्याचा एक छोटा प्रसंग आहे. तिथल्या चित्रविचित्र गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांना तोंड उघडायलाही मिळत नाही, पण १९९५ साली त्यांच्यावर १६ कथांचे पुस्तक निघाले!

दुसरे उदाहरण मला याहून प्रिय आहे. 'स्टार ट्रेक' मालिका १९६६ची. तिच्यात यान हाकणाऱ्या सुलूला पहिले नावच नव्हते. व्होंडा मॅकिन्टायर यांनी १९८१च्या कादंबरीत त्याला 'हिकारू' म्हटले. हे नाव हजार वर्षांपूर्वीच्या जपानी कथेतल्या गेंजी या नायकाचे. १९९१च्या चित्रपटात ते पडद्यावर आले. मालिकेवर बेतलेल्या पुस्तकाने मालिकेच्याच माणसाचे बारसे केले! मराठी वाचकाला हे टिपेवाचून कसे कळावे?

आपल्याकडेही अशी जागा आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. ना. वि. ज. उलटे वाचा: जयंत विष्णू नारळीकर. ग्यानबाची मेख नावातच होती. मला हे कथा वाचल्यावर कितीतरी वर्षांनी कळले आणि त्याच रात्री कथा पुन्हा काढून वाचली.

माझे एक स्नेही म्हणतात, कथा स्वतःच्या पायावर उभी राहावी, टिपेची कुबडी कशाला? कथेबद्दल ते बरोबर आहेत. खूण न ओळखणाऱ्यालाही कथेचा आनंद मिळालाच पाहिजे. म्हणून टीप कथेआधी नको, शेवट फोडणारी नको आणि मजकुरात कंस घालून तर नकोच. भातात खडा लागावा तसे होते. टीप मागे हवी, बारीक टायपात, ज्याला हवी त्याने वाचावी अशी. लेखकाने हे नाव कुठून घेतले, हा प्रसंग कोणत्या भागातल्या कोणत्या क्षणाला जोडला आहे, एवढेच तिने सांगावे. मी वाचनालयात होतो तेव्हा नववीतल्या एका मुलीने मागे टिपा असलेले असे पुस्तक परत केले आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा मागितले. शेवटची पाने तिने घरी गेल्यावर आठवून आठवून पडताळली होती, आता सगळे पुस्तक तिला नव्याने वाचायचे होते. अशी वाचक आपण अर्ध्या पानासाठी गमावतो.

यंदा आपल्या अंकात अशी कथा घेणार असाल, तर अनुवादकाला आकडे आणि नावे जशीच्या तशी ठेवायला सांगा आणि मूळ टिपेसाठी अर्धे पान राखून ठेवा. मूळ पुस्तक हवे असल्यास माझी प्रत कार्यालयात आणून देईन.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल
धंतोली, नागपूर