गाडी सुट्या भागांत पाठवतोय, अप्पा

हामामात्सु (जपान), नोव्हेंबर

ती. अप्पांना साष्टांग नमस्कार,

रविवारी फोनवर तुम्ही एवढंच म्हणालात, "बेचाळिशीचा बाप्या रिमोटच्या गाडीनं खेळतोय," आणि फोन आईकडं दिला. राग आला म्हणून लिहीत नाही. पण ऐकून तरी घ्या की.

खेळतो ते खरंय. बॅटरी एकदा भरली की गाडी पंधरा-वीस मिनिटं पळते. त्यानंतर दोन तास मी पेपर पसरून तिला खोलत बसतो. एक्सलवर केस आणि धागे गुंडाळलेले असतात, ते चिमट्यानं ओढून काढायचे. बेअरिंग बोटावर फिरवून कानाशी धरायचं, खरखर आली की बदलायचं. कारखान्यात मागाच्या खटखटीवरनं कुठला बोल्ट सैल झालाय ते तुम्ही दारातूनच सांगायचा. माझा कान अजून तेवढा तयार नाही.

हे गावही मागांचंच आहे बरं का. सुझुकी म्हटलं की आपल्याला मारुती आठवते, पण त्या नावाच्या माणसानं १९०९ मध्ये इथं मागच बनवायला घेतले होते. मोटारी फार नंतरच्या. माझी गाडी तामियाची, ती कंपनी आमच्याच जिल्ह्यात, शिझुओका शहरात. १९४६ मध्ये सुरू झाली ती लाकडाच्या धंद्यात. १९७६ ला त्यांनी पहिली रिमोट गाडी काढली, पोर्शच्या मॉडेलची. मे महिन्यात तिथं मॉडेलवाल्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. गर्दी आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेची, पाळणे तेवढे नाहीत.

आता मुद्द्याचं. जानेवारीत माझा मित्र यात्रेला सोलापूरला येतोय, त्याच्याजवळ ताईच्या पोरासाठी ग्रासहॉपर नावाची गाडी देतोय. १९८४ चं मॉडेल, कंपनीनं पुन्हा काढलंय. पण ती जोडलेली नाही. खोक्यात सगळे सुटे भाग आहेत. जोडायची तुम्ही, त्याला शेजारी बसवून. पुस्तकात जपानी दिसलं म्हणून घाबरू नका, सगळी चित्रं आहेत. स्क्रूचं चित्र खऱ्या मापाचं छापलंय, हातातला स्क्रू त्यावर ठेवला की कळतं हा तोच का दुसरा. स्टार स्क्रू ड्रायव्हर मात्र मी पाठवलेलाच वापरा. जपानी स्क्रूची खाच थोडी वेगळी असते, आपल्याकडचा घसरतो आणि डोकं खातो.

स्क्रू प्लॅस्टिकात जातात, मागाच्या हातानं आवळू नका. पहिल्या गाडीत मी तीन भोकं अशीच वाया घालवली. खोललेला स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवायचा, टक् करून जुन्या आट्यात बसला की मग सुलटा. मोटरच्या छोट्या चाकाचा ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा बारीक स्क्रू, धातूवर बसतो, त्याला थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब. प्लॅस्टिकला तो लावू नका, तडे जातात.

मोटर साधीच आहे, ३८० मापाची, आत कार्बन ब्रश. ते तुम्हाला मी काय सांगणार. गाडी थांबल्यावर हात लावून बघायचं. चटका बसला तर तिला निवू द्यायची, लगेच दुसरी बॅटरी घालायची नाही. आपल्या एप्रिल-मेच्या दुपारी तर काढूच नका.

बॅटरी मुद्दाम निकेलची घेतलीय, ७.२ व्होल्टची. माझ्याकडं लिथियमची आहे, तिला फार जपावं लागतं. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवली की बिघडते, फुगलेली दिसली तर तिचा नाद सोडायचा. पोराच्या हातात ती नको. चार्जरही इथला साधा घेतला नाही. इथं घरात १०० व्होल्ट, आपल्याकडं २३०, लावल्या लावल्या धूर निघाला असता. दोन्हीकडं चालणारा पाठवतोय. तरी चार्जिंगला लावून कुणी झोपू नका, आईलाही सांगा.

चालवताना आधी रिमोट चालू, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. उलटं केलं तर गाडी बेवारस सुटू शकते, आणि आपल्या गल्लीत समोर रिक्षाच असणार. गच्चीवर चालवा, नाहीतर सकाळी होम मैदानावर. कारखान्यात मात्र नेऊ नका. मागाखालचा कापूस चाकात गेला की निम्मा दिवस चिमटा हातात. धूळ ब्रशनं झाडायची, पाण्यानं धुवायची नाही.

स्टिकर पोराला लावू द्या, वाकडे लागले तरी चालतील. चालकाचं डोकं रंगवायचं असतं, तेही त्यालाच द्या. आईला म्हणावं मित्राजवळ शेंगाचटणी द्या, तिखट कमी करू नका.

आणि हो. माग जोडल्यावर एक नट जरी उरला तरी जॉबरनं, म्हणजे माग जोडणाऱ्या कारागिरानं, घरी जायचं नाही, असं तुम्ही म्हणायचा. या खोक्यात एखाददुसरा स्क्रू जास्तीचा देतात. उरला तर रात्रभर खोलत बसू नका.

तुमचा,
थोरला