पोरांची तारीख लग्नाला कशी दिली? : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून मुलांची नाटकं बसवते. आपला व्याप मोठा आहे, हे कळतं. एरवी आपल्याला त्रास दिला नसता. पण गेल्या आठवड्यात जे झालं ते गिळून गप्प बसणं मला जमत नाही.

आमच्या गावात एक सांस्कृतिक भवन आहे. त्याच्या भूमिपूजनाला तेव्हाचे एक मान्यवर आले होते. नारळ फोडला आणि माइकवर म्हणाले, इथे आपल्या तालुक्यातली पोरं नाटकं करतील, त्यांना मुंबई-पुण्याकडे बघायची गरज राहणार नाही. आम्ही मनापासून टाळ्या वाजवल्या. भवन झालं. विंगा नाहीत, लाइट टांगायला जागा नाही, मेकअप रूममध्ये केटररची पातेली रचलेली. तरी म्हटलं, डोक्यावर छप्पर आहे ना, भागवू. मुलांच्या प्रयोगासाठी रीतसर अर्ज दिला, भाडं भरलं, पावती घेतली. आदल्या दिवशी रंगीत तालमीला मुलं कपडेपट घेऊन पोचली, तर आत खुर्च्यांना रिबिनी बांधणं चाललं होतं. कुणाचं तरी रिसेप्शन. "तुमचं पोरांचंच आहे ना बाई, पुढच्या महिन्यात करा कधीतरी," असं तिथल्या माणसाने मला मुलांच्या देखत सांगितलं. पावती पुढे केली, तर म्हणे अर्ज करा, पैसे परत मिळतील.

सहावीतली एक मुलगी माझा पदर ओढून विचारत होती, "बाई, आते आपलं नाटक नही व्हई का?" तिच्या आईने दुसऱ्या दिवशीचा रोज बुडवून प्रयोगाला यायचं ठरवलं होतं. त्या बाईच्या रोजाचे पैसे कोणत्या अर्जाने परत मिळतात, साहेब?

ते नाटक काय होतं हे आपल्याला कळलं पाहिजे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ते कुणी लिहिलेलं नव्हतं. मुलांनीच रचलं होतं. दिवाळी झाली की आमच्याकडची आणि सातपुड्याकडची किती तरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, मुलं सोबत जातात, वर्ग निम्मा रिकामा होतो. मी मुलांना एवढंच सांगितलं की जाणाऱ्यांनी काय बांधून नेलं आणि राहिलेल्यांना काय वाटलं, ते करून दाखवा. संवाद नंतर. आधी फक्त गाठोडं बांधायचं. एकीने गाठोड्यात पाटी घातली, मग काढली, मग पुन्हा घातली, आणि तालमीत सगळे एकदम गप्प झाले. तोच आमचा पहिला प्रवेश ठरला. ती पाटी काढणारी मुलगी स्वतः उसाच्या फडावर राहून आली आहे. वर्गात ती कधी तोंड उघडत नसे. शिक्षकांनी तिच्या नावापुढे काय शेरे मारलेत ते मी पाहिलंय.

ती बोलत नव्हती, कारण तिला बोलायला जी भाषा दिली जाते ती तिच्या घरात नाही. आमच्याकडे पोर घरी अहिराणी बोलतं, डोंगरात पावरी, भिलोरी बोलतं, आणि शाळेत आलं की 'शुद्ध बोल' म्हणून त्याला खाली बसवतात. राज्यघटनेचं कलम ३५० क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयींबद्दल बोलतं. फळ्यावर ती सोय कधी आली नाही. तालमीत येते. तालमीत आधी अंग बोलतं, मग घरची बोली येते, मग आपोआप पुस्तकातली मराठीही येते, कारण नाटकात तहसीलदार असतो आणि तहसीलदार अहिराणीत बोलून चालत नाही. "माले बी येस!" (मलाही येतं!) म्हणत हात वर करणारं पोर पाहिल्यावर मला दुसरं काही लागत नाही. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता ६४ टक्के होती आणि राज्याची ८२. या दरीवर योजना खूप निघाल्या. मुलाला शाळेत बसावंसं वाटेल असं त्यात किती होतं?

आणि हे फक्त मुलांपुरतं राहत नाही. ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल यांनी एक पद्धत रुजवली. नाटक पेचाच्या जागी थांबवायचं आणि प्रेक्षकांतल्या कुणीतरी वर येऊन पात्राची जागा घ्यायची. आम्ही एका वस्तीवर ओट्यासमोर मुलीच्या लग्नाचा प्रवेश असा केला. मुलगी नववीत, स्थळ आलंय, बाप म्हणतो उरकून टाकू. तिथे थांबवलं आणि विचारलं, आता कोण येतं? बराच वेळ कुणीच हललं नाही. मग डोक्यावर पदर घेतलेली एक बाई उठली, आईचं काम करणाऱ्या मुलीला बाजूला केलं आणि बापाचं काम करणाऱ्या आठवीतल्या पोरासमोर उभी राहून बोलू लागली. काय बोलली ते मी इथे लिहीत नाही, ते तिच्या घरचं आहे. पण तिचा नवरा मागे उभा राहून ऐकत होता. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे आणि त्याची पोस्टरं आमच्या प्रत्येक भिंतीवर आहेत. त्या बाईला पोस्टरने कधी उठवलं नव्हतं.

हे कुणा एका बाईचं खूळ नाही. इंग्लंडमध्ये कॉव्हेन्ट्रीच्या बेलग्रेड थिएटरने १९६५ मध्ये नट शाळांमध्ये पाठवून शिक्षणातलं नाटक सुरू केलं. आपल्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ मध्ये त्यासाठी वेगळा विभाग काढला, पण तो दिल्लीत. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी २०१४ पासून वस्त्यांमधल्या मुलांसाठी 'वंचितांचा रंगमंच' उभा केला आणि मुलांनी स्वतःच्या गोष्टी स्वतः मांडल्या. कर्नाटकात हेग्गोडू नावाचं सुपारीच्या बागांमधलं लहानसं गाव आहे. तिथे १९४९ मध्ये 'नीनासम' ही नाट्यमंडळी सुरू झाली, १९८० मध्ये नाट्यशिक्षणाची संस्था आली, आणि ते उभं करणाऱ्या के. व्ही. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एक खेडं हे करू शकतं. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून २०११ मध्येच आम्ही जवळपास ७९ लाख माणसं होतो. आम्हाला का जमू नये?

आमच्याकडे तर मुळात सगळं आहे. डफावर गायची लोकगाणी, म्हणजे वहीगायन आहे, सोंगाड्या पार्ट्या आहेत, सातपुड्यात होळीची सोंगं आहेत, कानबाईची गाणी आहेत, भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर फिरणाऱ्या मुली आहेत. आमच्या मुलांना डफ धरायला शिकवायला वही गाणारे एक बाबा येतात. गुडघे गेलेत, तरी एसटीने येतात आणि भाड्याचे पैसे घेत नाहीत. मी बळेच खिशात कोंबते. कलावंतांच्या मानधनासाठी त्यांनी केलेला अर्ज कुठल्या टेबलावर आहे हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नाही.

आता कायद्याचं बोलते, कारण मला वारंवार ऐकवलं जातं की नाटक ही हौस आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ ची अनुसूची काढून बघा. सहावी ते आठवीला शंभराहून जास्त मुलं असतील, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा माणूस हवा, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं की अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर असा कडक भेद ठेवू नये. मग आमच्या शाळांमध्ये कलेचा तास गणिताला का जातो? नाटक शिकवणारा माणूस मी माझ्या सगळ्या नोकरीत एकाही शाळेत पाहिला नाही. मास्तर मात्र पाहिले. निवडणुकीच्या याद्या करणारे, जनगणना करणारे, ऑनलाइन माहिती भरता भरता रात्री अकराला नेटवर्क शोधत गच्चीवर जाणारे. ते नाटक कधी बसवणार?

मी पेन्शनवर जगते. त्यातून लाइटचं भाडं, मुलांचा नाश्ता, स्पर्धेला जायची गाडी. माझ्या घराची पुढची खोली तालमीची आहे, मागच्या खोलीत पगड्या आणि लाकडी तलवारी आहेत, आणि त्यांच्यामध्ये माझा पलंग. मुलगी फोनवर रडते, आई आता पुरे कर म्हणते. बीपीची गोळी चुकते. कार्यालयांच्या बाकांवर बसून बसून कंबर गेली. साहेब मीटिंगला गेलेत, साहेब दौऱ्यावर आहेत, साहेबांची बदली झाली, नव्या साहेबांना फाइल सापडत नाही. चाळीस वर्षं ज्या सरकारचं मीठ खाल्लं त्याच्या दारात मला भिकाऱ्यासारखं उभं केलं गेलं, ते माझ्यासाठी नाही, पोरांसाठी मागत होते म्हणून. हे मी विसरणार नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. मी गेले होते, मला अभिमान वाटला. त्याच अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचे फलक आमच्या चौकातही लागले, त्यावर नेत्यांचे फोटो होते. मंडप निघाले, फलक उतरले. आमच्या पोरांच्या वाट्याला काय आलं? आमच्या चौकात रोज नवा क्लास निघतो, दर मिरवणुकीला डीजे येतो, वाढदिवसाच्या बॅनरवर मिसरूड न फुटलेली पोरं हात जोडून उभी असतात. तेवढ्याला परवानगी लगेच मिळते. पंधरा मुलं एकत्र बसून एका प्रश्नावर विचार करतात, त्यासाठी या सगळ्या व्यवस्थेला एक संध्याकाळ सापडत नाही. मुलांनी ओरडलेलं यांना चालतं, बोललेलं चालत नाही, अशी माझी आता खात्री झाली आहे. नंदुरबारचा शिरीषकुमार ९ सप्टेंबर १९४२ ला गोळी लागून गेला तेव्हा शाळकरी पोर होता. दरवर्षी आपण त्याला हार घालतो. त्याच्या वयाच्या पोरांना स्टेज देताना हात का आखडतो?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. सरकारी पैशाने बांधलेल्या प्रत्येक सांस्कृतिक भवनात महिन्याचे काही दिवस मुलांच्या आणि हौशी नाटकासाठी नाममात्र भाड्यात राखून ठेवा, आणि एकदा दिलेली तारीख कुणाच्याही लग्नासाठी काढून घेता येणार नाही असा लेखी आदेश काढा. कलाशिक्षणाच्या निदेशकांच्या जागा भरा आणि त्यात नाटक जाणणारी माणसं घ्या. शिक्षण खातं आपलं नसेल तर शेजारच्या दालनात जाऊन सांगा, आम्हाला एवढ्यासाठी दोन मंत्र्यांमध्ये फिरवू नका. वही गाणाऱ्या, सोंगं काढणाऱ्या म्हाताऱ्या कलावंतांना शाळांमध्ये मानधन देऊन बोलवा, ते आहेत तोवर. आडगावातून स्पर्धेला येणाऱ्या मुलांचा प्रवासखर्च प्रयोगाआधी द्या, नंतर बिलं मागत बसू नका.

आणि आमचा प्रयोग. दिवाळीनंतर यातली निम्मी मुलं उसाला जातील. त्याच्या आधीची एक संध्याकाळ त्या भवनात आम्हाला हवी आहे, केटररची पातेली बाहेर काढलेली असताना. तारीख लेखी कळवावी. मुलांच्या आयांना रोज बुडवायचा असतो, त्यांना आधी सांगावं लागतं.

आपली,
खान्देशातली एक निवृत्त शिक्षिका